पणजोबांचं नाव कुठे लिहिलेलं असेल? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

घरातल्या जुन्या माणसांचा माग जुन्या कागदांतून कसा काढायचा यावर प्रश्न मागवले होते. साधी माणसं, म्हणजे सालदार, शेतकरी, कामगार, बाया, त्यांच्याबद्दलच विचारा असं स्पष्ट लिहिलं होतं, तरी काहींनी आपलं घराणं थेट किल्ल्यावर नेऊन चढवलंय, ती पत्रं बाजूला ठेवली. बाकीच्यातले काही निवडक प्रश्न खाली आहेत, सारखे वाटले ते एकत्र केलेत.

प्रश्न (अमळनेर तालुका): आमच्या आजोबांचे वडील छप्पनच्या दुष्काळात या गावात आले, आधी सालदारकी केली, मग जमीन घेतली असं घरात सांगतात. आजी म्हणायची, "तापीना पल्याडथीन उनात", म्हणजे तापीपलीकडून आले. कोणत्या गावाहून ते तिलाही माहीत नव्हतं. त्यांच्या बापाचं नाव कोणालाच माहीत नाही, आडनाव पण म्हणे नंतर लागलं. हातात फक्त काकांच्या नावचा सातबारा आहे. कुठून सुरू करू?

भाऊ, काकांच्या सातबाऱ्यावरूनच सुरू करा. गरीब माणसाचं नाव कोणी हौसेनं लिहून ठेवत नाही, ते लिहायची कोणाला तरी गरज पडली तेव्हाच लिहिलं गेलं, म्हणजे शेतसारा भरायचा होता, कर्ज द्यायचं होतं, पोरगं शाळेत घालायचं होतं किंवा माणूस मेला होता. म्हणून "ते कोण होते" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि त्यांचं नाव लिहायचं काम कोणावर आलं असेल ते आधी शोधा.

हाताने लिहिलेला जुना सातबारा मिळवा, कॉम्प्युटरवाला पुरत नाही. जुन्या उताऱ्यावर नावाजवळ गोल केलेले आकडे दिसतील, ते फेरफार नंबर, म्हणजे जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर चढली त्या नोंदीचा नंबर. सगळ्यात लहान आकड्याकडे जात राहायचं, एकेक फेरफार काढत. मध्ये एक अडचण हमखास येते, आज तुमच्याकडे गट नंबर आहे आणि जुन्या कागदात सर्व्हे नंबर असतो, कारण १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्यानंतर एकत्रीकरण झालं तेव्हा नंबर बदलले. त्यासाठी भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसातून ९(३) ९(४) चा उतारा काढा, कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते त्यात कळतं. बरेच जण इथंच अडकतात आणि "आमचे कागद गहाळ झाले" म्हणून घरी बसतात, कागद असतात पण दुसऱ्या नंबरखाली असतात.

हक्कनोंदणीचा पहिला कायदा १९०३ चा आणि १९१३ ला तो जमीन महसुलाच्या कायद्यात आला, त्यामुळे फेरफाराची वही साधारण त्या काळापर्यंत मागे जाते. वारसाचा फेरफार सापडला की तो सावकाश वाचा. त्यात साधारण असं असतं: दगा वल्द सुका हा अमुक तारखेला मयत, त्यास वारस मुलगे दोन, पैकी धाकटा अज्ञान, अ.पा.क. आई. खाली वर्दी देणाऱ्याचा अंगठा, पंचांची नावं आणि सर्कलचा "मंजूर" शेरा. या चार ओळीत बघा किती मिळालं, वल्द म्हणजे चा मुलगा, तेव्हा बापाचं नाव आलं, मेल्याची तारीख आली, पोरं किती आणि लहान का मोठी ते आलं, बायको मागे होती हे आलं (अज्ञान म्हणजे वयात न आलेला, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता). आडनाव नसेल तर घाबरू नका, त्या काळी वल्दवरच काम भागायचं. आणि पंचांच्या नावात भाऊबंद असतात बऱ्याचदा, ती नावंही लिहून घ्या, पुढे कामाला येतात.

पण तुमचं खरं घबाड खरेदीखतात असू शकतं. पणजोबांनी जमीन घेतली असेल तर तिचा फेरफार असणार आणि त्यात दस्ताचा उल्लेख असतो, त्यावरून दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदवतात त्या ऑफिसात, इंडेक्समध्ये शोध घ्यायचा. खरेदीखतात घेणाऱ्याची जात, वय, धंदा आणि "राहणार मौजे" लिहायची पद्धत होती, माणूस नवीन आलेला असेल तर कधी कधी तिथे जुन्याच गावाचं नाव सापडतं. वय लिहिलेलं असतं ते अंदाजे धरा, पाच वर्षं इकडे तिकडे. जमीन गहाण पडली असेल तर तेही बघा. तगाई (सरकारी शेतकर्ज), सावकाराचं गहाण, सोसायटीचा बोजा, सातबाऱ्यावरच्या इतर हक्काच्या रकान्यात माणसाचे वाईट दिवस वर्षासकट लिहिलेले असतात, जे घरात कोणी सांगत नाही.

सालदार असतानाची वर्षं जमिनीच्या कागदात नाहीत हे उघड आहे. त्या वर्षांसाठी गाव नमुना १४ बघा, म्हणजे गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, लोक कोतवाल बुकही म्हणतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. त्यात जन्माच्या नोंदीत पोराचं नाव बहुतेक नसतंच, बापाचं नाव, जात आणि "मुलगा" किंवा "मुलगी" एवढंच, त्यामुळे पोराच्या नावानं शोधलं तर काहीच मिळणार नाही, बापाच्या नावानं शोधा. मृत्यूच्या नोंदीत कारण असतं, ताप, पटकी, देवी, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीच्या महिन्यात पानंच्या पानं "ताप" लिहिलेली दिसतात.

आता छप्पनबद्दल. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. खान्देशात अर्ध्या घरांना आपले पूर्वज छप्पनलाच आले असं वाटतं, पण १८७६ ते ७८ चा दुष्काळ होता, १८९६-९७ चा होता, आणि त्याच सुमारास प्लेग सुरू झाला, तेव्हाही गावं रिकामी झाली. म्हणून हे ऐकीव साल म्हणून वहीत लिहा आणि नमुना १४ मधली त्यांची पहिली नोंद कोणत्या सालची निघते ते बघा. ती १८९२ ची निघाली तर छप्पनची गोष्ट दुसऱ्या कोणाची तरी तुमच्या घरात शिरलेली आहे.

मूळ गावासाठी अजून एक जागा आहे आणि ती कुठल्याच ऑफिसात नाही, आपली खान्देशातली घरोघरची देवी कानबाई. श्रावणात तिच्या नैवेद्याचे रोट करता तेव्हा घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गहू मोजून घेतात ना, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला विचारा की आपले रोट आधी कोणाकोणाबरोबर एकत्र होते आणि कधी वेगळे झाले. रोट भाऊबंदच खातात. तापीपलीकडे चोपडा, यावल, रावेरकडच्या एखाद्या गावाशी तुमचे रोट एक होते असं निघालं तर तिथल्या फेरफारात तुमच्या पणजोबांच्या भावांची नावं सापडायची शक्यता बरीच आहे. रावेरकडचा जुना कागद असेल तर त्यावर तालुका सावदे दिसेल, तेव्हा तोच तालुका होता, आणि खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ ला झाले, त्याआधीच्या कागदावर नुसता जिल्हा खानदेश, त्यामुळे चुकीचा कागद आला म्हणून परत करू नका.

प्रश्न (भुसावळ): पणजोबा रेल्वेत फायरमन होते. मध्ये काही वर्षं नोकरी गेली होती आणि परत लागली, का गेली ते कोणी बोलत नाही. पणजीला पेन्शन मिळायचं असं आत्या म्हणते. रेल्वेत अर्ज केला तर उत्तर आलं की रेकॉर्ड उपलब्ध नाही.

उत्तर तसं येणारच, रिटायर माणसाचे कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, त्यात कोणाला बोल लावून उपयोग नाही. आत्याचं पेन्शन मात्र तपासा. रेल्वेत पेन्शन योजना १९५७ ला आली, त्याच्या आधी रिटायर झालेल्याला फंड आणि ग्रॅच्युइटी मिळायची. पणजोबा त्याआधी निवृत्त झाले असतील तर पणजीला मिळणारे पैसे दुसरेच कशाचे तरी होते, मुलाकडून येणारी मनीऑर्डर सुद्धा घरात "पेन्शन" म्हणून चालते. आणि ते १९५७ नंतर रिटायर झाले असतील तर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबरचा कागद घरात कुठे तरी असायला हवा, जुन्या पासबुकात किंवा पत्र्याच्या पेटीत.

नोकरी गेल्याचं साल कळतं का बघा. १९३० साली जीआयपीचा, म्हणजे तेव्हाच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, मोठा संप झाला होता, त्यात नोकऱ्या गेल्या. साल जुळलं तर घरातले गप्प का आहेत ते समजेल, तेव्हा संप म्हणजे पोटावर पाय. पण साल जुळल्याशिवाय त्यांना संपवाले करून टाकू नका, दारू, आजारपण, साहेबाशी भांडण, कारणं शंभर असतात.

कागद शोधताना कंपनीचं नाव बरोबर टाका, १९२५ पर्यंत जीआयपी खाजगी कंपनी होती, मग सरकारनं चालवायला घेतली आणि १९५१ ला मध्य रेल्वे झाली. इंग्रजी कागदात आडनावाच्या जागी बापाचं नाव असेल, स्पेलिंग तर विचारूच नका. रेल्वे सोडून शाळेकडे जा. तुमचे आजोबा ज्या शाळेत शिकले तिथलं जनरल रजिस्टर बघा, त्यात पालकाचा धंदा आणि पत्ता असतो, क्वार्टरचा उल्लेख निघाला तर मजाच. जन्म भुसावळात झाले असतील तर नगरपालिकेचं रजिस्टर. घरात पितळी बिल्ला, ग्रुप फोटो काही असेल तर फोटोची मागची बाजू बघा, स्टुडिओचा शिक्का आणि साल कधी कधी तिथेच असतं.

प्रश्न (शहादा): सगळे पणजोबांचंच विचारतात. मला माझ्या पणजीचं माहेर शोधायचंय. आमच्या वंशावळीत चार पिढ्यांचे पुरुष आहेत, बाई एक पण नाही. सासरचं नाव माहीत आहे, माहेरचं नाव काय होतं ते सुद्धा माहीत नाही.

ताई, या प्रश्नाची वाटच बघत होतो. अवघड आहे, पण लोक समजतात तितकं नाही.

आधी कडू गोष्ट. नवरा लवकर गेलेली बाई कागदात जास्त सापडते. नवरा म्हातारा होऊन गेला आणि मुलं कर्ती असली तर जमीन सरळ मुलांच्या नावावर जायची आणि आईचं नाव कुठेच येत नसे. नवरा तरुणपणी गेला तर मग "अ.पा.क. आई" म्हणून, किंवा वारसात विधवा म्हणून, ती येते. जुन्या कागदात सखुबाई कोम अमुक असं असेल, कोम म्हणजे ची बायको, कुठे भ्रतार अमुक असंही लिहितात. तेव्हा तुमच्या पणजोबांच्या मृत्यूचा फेरफार आधी काढा.

माहेरकडून बघायचं तर १९५६ हे साल लक्षात ठेवा. हिंदू वारसा कायदा त्या वर्षी आला आणि मुलींची नावं बापाच्या वारसात लागायला लागली, त्यामुळे पणजीचे वडील किंवा भाऊ त्यानंतर वारले असतील तर माहेरच्या गावच्या फेरफारात तिचं नाव, सासरच्या गावासकट, असायला हरकत नाही. आणि पाठोपाठ हक्कसोड. हक्कसोड पत्र वाचताना जीव जळतो, आठ एकरातला वाटा साडीचोळीवर सोडलेला असतो, पण शोधणाऱ्याला ते सोनं आहे कारण सगळ्या बहिणींची नावं, वयं, गावं एका कागदावर मिळतात.

पण त्यासाठी माहेरचं गाव माहीत पाहिजे आणि तेच तर तुम्हाला माहीत नाही. ते कागदाच्या आधी घरातल्या भांड्यांवर शोधा. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढा, हंडा, घागर, गुंडी, परात, चिंचेनं घासा आणि काठाच्या खाली बघा, ठिपक्या ठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं. आंदणात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि गाव घालायची रीत होती, कधी तिथी किंवा साल पण असतं. अक्षर झिजलं असेल तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, उमटतं. मोडीत देऊन टाकण्याआधी एवढं कराच, आमच्या भागात भांड्याच्या दुकानात अशी किती माहेरं वितळून गेली असतील.

लग्नातल्या आहेराच्या वह्या असतील तर त्याही बघा. तुमच्या आजोबांच्या, म्हणजे पणजीच्या मुलाच्या लग्नातली वही सापडली तर त्यात मामाचा आहेर पहिल्या पानावर, नावगावासकट असतो. तो मामा म्हणजे पणजीचा भाऊ. झालं की माहेर.

आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) घरी सगळ्या बाया जमतात तेव्हा विचारा, एकेकीला वेगळं विचारू नका, सगळ्यांसमोर विचारा, एकीनं चुकीचं सांगितलं की दुसरी लगेच "नही वं माय" म्हणून दुरुस्त करते. पुरुषांसमोर ही माहिती निघत नाही असा माझा अनुभव आहे, त्यांना सर्व्हे नंबर पाठ असतात आणि आजीचं नाव विचारलं की वर बघतात. घागर भरताना पितरांची नावं घेतात त्यात बायांची घेतात का तेही ऐका.

माहेरचं नाव आणि सासरचं नाव वेगळं असणार हे धरून चाला. नमुना १४ मध्ये तिचा मृत्यू सासरच्या नावानं असेल आणि माहेरच्या फेरफारात माहेरच्या, दोन्ही एकच बाई हे तुम्हाला सासरच्या गावावरून जुळवावं लागेल.

प्रश्न (एरंडोल): जुन्या वहीत शके आणि संवत आहे, इंग्रजी साल कसं काढायचं? आणि आमच्या घरात तीन जणांची जन्मतारीख १ जून कशी?

शकेत ७८ मिळवा, पौषानंतरचे दिवस असतील तर ७९. संवतातून ५७ वजा, पण व्यापाऱ्याच्या वहीत साल दिवाळीच्या पाडव्याला बदलतं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंतच्या नोंदीत ५६ वजा करायचे. फसली (जुनं महसुली साल) असेल तर ५९० मिळवून एखादं वर्ष पुढेमागे धरा.

१ जूनचं काय, शाळा जूनमध्ये भरायची, मास्तर पोराकडे बघून वय ठरवायचे आणि १ जून टाकून मोकळे. अर्ध्या खान्देशाचा वाढदिवस त्या दिवशी आहे. त्या तारखेवर विसंबून नमुना १४ शोधाल तर फुकट जाल, दोन वर्षं मागे आणि दोन वर्षं पुढे बघा.

प्रश्न (साक्री): मुलाच्या जात पडताळणीसाठी जुना पुरावा हवाय. सापडला पण मोडी लिपीत आहे, आणि त्यावर तालुका पिंपळनेर लिहिलंय, आम्ही तर साक्री.

पिंपळनेर बरोबर आहे, आधी तालुका तोच होता. पुरावा किती जुना लागतो ते जातीच्या प्रवर्गावर आहे, अनुसूचित जाती-जमातीसाठी १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ च्या आणि ओबीसीसाठी १९६७ च्या आधीचा बघतात, त्यामुळे शंभर वर्षं मागे जायची गरज बहुतेकांना नसते. मोडीचं वाचन जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ नकलेसोबत जोडा. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाडे १९२६ ला धुळ्यातच वारले, त्यांच्या मागे त्यांची दप्तरं तिथे जपली गेली, तिथे मोडी जाणणाऱ्याचा पत्ता विचारता येईल. गावठी नोंदी वाचायला स्वतः शिकलात तरी चालतं, तेच तेच पन्नास शब्द फिरून फिरून येतात.

आणि एक, २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात जुनी दप्तरं उघडली गेली, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, नमुना १४, शाळांची रजिस्टरं. त्यातलं बरंच स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाईटवर आलंय. तुमची जात कुठलीही असो, आपल्या गावची पानं चाळून बघा. धुळ्यासह बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार आपले अभिलेख या सरकारी पोर्टलवर थोडी फी भरून मिळतात, तलाठ्याकडे चकरा वाचतात.

प्रश्न (रावेर): आमच्या समाजाचा भाट दर काही वर्षांनी वही घेऊन येतो, एकवीस पिढ्या वाचतो. खरं धरायचं का?

वरच्या पिढ्या ऐकायच्या आणि सोडून द्यायच्या, खालच्या चार-पाच मात्र नीट लिहून घ्या. भाट येतो तेव्हा घरातली नवीन नावं वहीत चढवतो, म्हणजे शेवटच्या पिढ्या त्याच्या बापानं, आजानं तुमच्याच ओट्यावर बसून लिहिलेल्या असतात. त्या फेरफाराशी ताडून बघा. चार नावं क्रमानं जुळली तर पाचव्या-सहाव्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. जुळली नाहीत तर कुठे तुटलं ते बघा, तिथे दत्तक असेल, किंवा दोन चुलत घरं एकात मिसळली असतील, आणि दत्तकाचा फेरफार वेगळा सापडतो.

नावांपेक्षा त्याच्याकडून गावं काढून घ्या. कुठून कुठे आलो, मध्ये कोणत्या गावी किती पिढ्या राहिलो, तिथे अजून कोणाची घरं आहेत, वहीत हे असतं आणि तो वाचताना ते गाळतो कारण लोकांना राजांचीच नावं ऐकायची असतात. नाशिकला अस्थी नेल्या असतील तर तिथल्या तीर्थपुरोहिताच्या नामावळीत कोण आलं, कोणाच्या अस्थी आणल्या आणि कोणत्या गावाहून, ते येणाऱ्याच्या सहीनिशी सापडतं. दोन वह्या एकमेकांशी ताडून बघा. आणि वाचायला बसवण्याआधी दक्षिणा ठरवून घ्या, एकविसाव्या पिढीपर्यंत गेल्यावर घासाघीस करणं बरं दिसत नाही.